नवासा बेटावरचा दीपस्तंभ

समुद्रात रस्ता नसतो नि मैलाचे दगडही नसतात. मग रात्री बोटीला खडक कुठे आहे ते कसे कळणार? त्यासाठी दीपस्तंभ बांधतात. दीपस्तंभ म्हणजे दिव्याचा उंच मनोरा.

नवासा हे बेट कॅरिबियन समुद्रात हैती आणि जमैका या देशांच्या मध्ये आहे. ते फक्त ५ चौरस किलोमीटर आहे. कडेने उभे कडे आहेत. नदी नाही, ओढा नाही. कोलंबसच्या चौथ्या सफरीत (१५०२ ते १५०४) त्याची माणसे जमैकाहून होडीने मदत आणायला निघाली. वाटेत हे बेट लागले. तहानेने त्यांचे फार हाल झाले.

पुढे १८५७ साली अमेरिकेने ह्या बेटावर हक्क सांगितला. कशासाठी? तर खतासाठी! तिथे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत साचले होते. ते खणायला अमेरिकेतून काळे मजूर नेत. त्यांना फार वाईट वागवत. म्हणून १८८९ साली मजुरांनी बंड केले. त्यात पाच मुकादम मेले. १८९८ साली खणणे बंद पडले. हैती म्हणतो, बेट आमचे आहे. तो वाद अजून मिटलेला नाही.

१९१४ साली पनामा कालवा सुरू झाला. मग पुष्कळ बोटी नवासाजवळून जाऊ लागल्या. अंधारात बोट खडकावर आदळली तर माणसे बुडणार! म्हणून अमेरिकेने १९१७ साली तिथे दीपस्तंभ बांधला. त्याची उंची १६२ फूट आहे. आपली कौलारू शाळा एकावर एक अशी दहा वेळा ठेवली तरच तेवढी उंची होईल.

दीपस्तंभाच्या दिव्याभोवती मोठी भिंगे असतात. चारी बाजूंना पसरणारा उजेड ती गोळा करतात नि लांब फेकतात. म्हणून तो कित्येक मैलांवरून दिसतो.

नवासाला एक राखणदार आणि दोन मदतनीस राहत. पावसाचे पाणी टाकीत साठवून वापरावे लागे. शेजारी ना गाव, ना बाजार. तरी रोज रात्री दिवा लागलाच पाहिजे! १९२९ साली आपोआप लागणारा दिवा बसवला, मग माणसे परत गेली. १९९६ साली तोही बंद केला. १९९९ पासून बेट पक्ष्यांसाठी नि प्राण्यांसाठी राखून ठेवले आहे.

मनोरा अजून उभा आहे, पण रात्री तिथे अंधार असतो. दिवा सांभाळणाऱ्यांची नावे बोटीतल्या लोकांना माहीतसुद्धा नसतील. पण त्यांच्यामुळेच ते लोक सुखरूप घरी गेले.

– इयत्ता ४ थी