दिवाळीतील सवलत : कोणाची, कोणाला?

सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर येरमाळा मागे पडला, की वाशी तालुक्यातले तेरखेडा लागते. एरवी इथे मोटार थांबण्याचे फारसे कारण नाही. पण दसरा सरला, की रस्त्याकडेच्या फटाक्यांच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. येथे फटाके तयार करण्याचे कारखाने आहेत, आणि तेरखेड्याचा तोटा आमच्या भागात त्याच्या आवाजासाठी ओळखला जातो. ‘कारखान्यावर माल स्वस्त मिळतो’ म्हणून लोक दुरून येतात.

अशाच एका दुकानापुढे मी उभा होतो. एका वयस्क गृहस्थांनी खोके उचलून म्हटले, “मालक, ह्याच्यावर बाराशे छापलंय की!”

“मामा, छापलेलं कशाला वाचता? तुम्हांला तीनशेला देतो.”

मामा खूश झाले. नऊशे रुपये वाचले! पण श्रोतेहो, ते खरोखरच वाचले का? आज आपल्याला याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

सणाच्या तोंडावर सवलतीचा एक दिवस नेमायचा, ही कल्पना जगभर पसरली ती अमेरिकेतून. तेथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ हा कृतज्ञतेचा सण असतो. दुसऱ्या दिवसापासून नाताळची खरेदी सुरू होते. त्या शुक्रवारला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणजे ‘काळा शुक्रवार’ असे नाव आहे. तोट्यातली तांबडी शाई जाऊन वहीत नफ्याची काळी शाई येते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. कथा गोड आहे, पण ती १९८० नंतरच्या दशकात मागाहून जुळवलेली. मूळ नाव फिलाडेल्फिया शहरातल्या पोलिसांचे. १९५० ते ६० च्या सुमारास त्या दिवशी गर्दी आवरता आवरता ते मेटाकुटीस येत, आणि त्या त्रासाला उद्देशून हे नाव घेत. दुकानदारांना ते मुळीच रुचले नव्हते. १९६१ साली त्यांनी ‘बिग फ्रायडे’ असे नाव रुजवण्याचा प्रयत्नही केला, पण तो फसला.

व्यापाराचे वजन किती असते पाहा. १९३९ मध्ये खरेदीचे दिवस वाढावेत, या व्यापाऱ्यांच्या आग्रहापायी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो सणच एक आठवडा अलीकडे ओढला! मोठा गोंधळ उडाला, आणि १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार पक्का करावा लागला.

आपल्याकडेही सणाची सवलत नवी नाही. गांधीजयंतीपासून खादीवर मिळणारी सूट जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे इंटरनेटवरची दुकाने आली. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ भरवला. गर्दी इतकी उसळली की यंत्रणा कोलमडली, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली. तरी प्रथा थांबली नाही, वाढलीच.

ती का वाढली, हे कळण्यासाठी पुन्हा तेरखेड्याला येऊ. सवलत तीन प्रकारची असते. पहिली वाचलेल्या खर्चाची. कारखान्याजवळ माल घेतला, तर वाहतूक आणि मधले हात टळतात. दुसरी घाईची. फटाके वर्षातले बरेच महिने तयार होतात, पण खपतात पंधरवड्यात. उरलेल्या मालात पैसा अडकतो, दारूला ओल धरण्याची भीती, शिवाय साठ्याला परवाना हवा. म्हणून लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ कलली, की दुकानदार भाव सोडतो. या दोन्ही सवलती खऱ्या.

तिसरी मात्र कागदावरची. खोक्यावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घेण्यास आडकाठी नाही. मग मुळातच बाराशे छापून तीनशेला विकले, तर नऊशेची सूट ही निव्वळ शाईची सूट झाली! खोट्या सवलतीची जाहिरात करणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार ठरते. पण कायदा दाराशी येईपर्यंत फटाके वाजून गेलेले असतात. तेव्हा मामांनी विचारायला हवे होते ते एवढेच, की शेजारच्या दुकानात हेच खोके कितीला आहे?

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. दारूकामाच्या कारखान्यांत स्फोट होऊन मजूर दगावल्याच्या बातम्या आपण ऐकतो. सुरक्षिततेवरचा खर्च टाळून जो माल स्वस्त होतो, त्याची सवलत मजूर आपल्या जिवाने देत असतो. म्हणून परवाना असलेल्या दुकानातच जावे, आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे कमी प्रदूषण करणारे हरित फटाकेच मागावेत.

आता शेवटचा मुद्दा, आणि आपल्या भागापुरता सर्वांत मोठा. दिवाळीत शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो कुठून? सोयाबीनमधून. दसरा-दिवाळीच्या दरम्यान ते निघते, सगळ्यांचे एकदमच आडतीवर येते, आणि भाव पडतो. २०२४-२५ च्या हंगामात आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती, आणि कित्येक बाजारांत त्याहून कमी भावाने सोयाबीन गेले. पोरांना कपडे हवेत, लेक माहेरी यायची आहे, थांबणार कोण? म्हणजे फटाकेवाल्यासारखाच शेतकरीही घाईची सवलत देतो. फरक एवढाच, की त्याच्या दारावर सवलतीची पाटी नसते, आणि त्याचे सोयाबीन दिवाळीनंतर निकामीही होत नाही.

या घाईवर थोडा उतारा आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. भाग घेणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवले, तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने मिळते. सणही होतो, आणि माल विकण्याची वेळ आपल्या हाती राहते. पुढे भाव वाढेलच असे नाही; पण निदान गरजेपोटी विकावे लागत नाही.

श्रोतेहो, मी काही फटाके घेऊ नका, खरेदी करू नका, असे सांगणार नाही. वर्षाचा सण आहे, घरात आनंद हवाच. सांगणे इतकेच, की सवलतीची पाटी दिसली, की ही सूट कोण देतो आहे, हे एकदा मनाशी विचारा. दुकानदार देत असेल, तर हसत घ्या. नुसता छापखाना देत असेल, तर पुढच्या दुकानी जा. आणि ती आपणच आडतीवर देऊन आलो असू, तर पुढच्या वर्षी पोती गाडीत चढवण्यापूर्वी थोडे थांबा.