सयामची चंद्रपुरी

वाचकहो, चंद्रपूर म्हटले की तुम्हाला विदर्भातल्या कोळशाच्या खाणी आठवतील. पण थायलंडात, म्हणजे पूर्वीच्या सयामात, आणखी एक चंद्रपुरी आहे. तिकडचे लोक तिला चंथबुरी म्हणतात. शब्द संस्कृतातूनच तिकडे गेलेला.

बँकॉकच्या आग्नेयेस सुमारे २५० किलोमीटरवरचा हा प्रांत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडा मोठा. दक्षिणेला थायलंडचे आखात, उत्तरेला डोंगर, पूर्वेला कंबोडियाची हद्द. नैऋत्येचे वारे डोंगराला अडतात आणि धो धो पाऊस पाडतात. कोकणचाच कारभार म्हणा ना!

१७६७ च्या एप्रिलात ब्रह्मी फौजेने सयामची राजधानी अयुथ्या जाळली. ताकसिन नावाचा सेनानी निसटून इकडे आला. चंथबुरीचा अधिकारी वेस उघडीना. तेव्हा, असे सांगतात, ताकसिनने सैन्याची जेवणे होताच रांधायची भांडी फोडायला लावली. आता पुढचे जेवण गावात, नाहीतर उपाशी मरण! गाव पडले. येथेच जहाजे जमवून तो परत गेला आणि वर्ष संपता संपता राजा झाला.

१८९३ साली फ्रेंचांनी बँकॉकवर युद्धनौका नेल्या आणि तहाच्या अटी पाळल्या जाईपर्यंत चंथबुरी ताब्यात ठेवली. गहाण म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. हे गहाण १९०५ साली सुटले, पण बदल्यात शेजारचा त्रात प्रांत गेला. तो १९०७ साली परत मिळवताना सयामला कंबोडियाकडचा मोठा मुलूख सोडावा लागला.

माणके आणि नीलम यांनीही हा प्रांत गाजला. खाणी आता बहुतेक आटल्या. बाहेरदेशीचे खडे आणून बाजार चालतो.

खरे धन बागांत आहे. मिरी आहे, आपल्या रातांब्याचा भाऊबंद मँगोस्टीन आहे आणि सर्वांवर ताण करणारा दुरियान. दिसायला फणसासारखा काटेरी, पण कूळ कापूस-भेंडीचे. वास असा की हॉटेलवाले आत आणू देत नाहीत! ‘मोनथोंग’, म्हणजे सोन्याची उशी, ही जात सर्वांत चालते. फळ पिकण्याआधीच उतरवतात. एक गडी झाडावरून देठ कापतो, दुसरा खाली गोणपाटात अलगद झेलतो. चुकला तर काटे अंगात!

थायलंडात सर्वाधिक दुरियान याच प्रांतात होतो आणि निर्यातीतला बहुतेक माल एकट्या चीनला जातो. भाव चांगला म्हणून अनेकांनी रबर तोडून दुरियान लावला. कोणी घाईने कोवळी फळे कापली की बदनामी साऱ्यांची होते. म्हणून मोनथोंगच्या गरात निदान ३२ टक्के शुष्कांश हवा, असा नियम आहे. जानेवारी २०२५ मध्ये चीनने सालीवरच्या पिवळ्या रंगाच्या तपासणीचा दाखला मागितला आणि माल अडला. कलम फळायला पाच-सहा वर्षे लागतात. गिऱ्हाईकाचा नियम मात्र एका दिवसात बदलतो.