भिंतीवरची उलटी सायकल

नाशकातल्या आमच्या जुन्या वाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी आजी खिडक्या गच्च लावून घ्यायची. एकदा झोप येईना म्हणून मी भिंतीकडे बघत पडलो होतो, तर भिंतीवरून एक सायकलवाला चालला होता. डोकं खाली, चाकं वर! खिडकीच्या फळीतली गाठ निखळून हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं, त्यातून सगळा बोळच खोलीत शिरला होता.

उलटा का बरं? उजेड सरळ रेषेत जातो. सायकलवाल्याच्या टोपीकडून आलेला किरण भोकातून तिरपा खाली उतरतो, चाकाकडून आलेला वर चढतो. झाली उलटापालट!

हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी हे नीट तपासलं. जन्म बसऱ्याचा, साधारण 965 सालचा. पुढे ते कैरोत राहिले. अंधाऱ्या खोलीच्या भोकाबाहेर त्यांनी बरेच दिवे मांडले. आत भिंतीवर तेवढेच ठिपके उमटले. एक दिवा झाकला, तर फक्त त्याचाच ठिपका गेला! झाकण काढलं, ठिपका हजर. म्हणजे इवल्याशा भोकातून इतक्या दिव्यांचा उजेड एकदम येतो, तरी एकमेकांत कालवला जात नाही. मला हा प्रयोग फार फार आवडतो. तुम्हीसुद्धा घरी करू शकाल, इतका साधा. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसतं, असं युक्लिडसारखे मोठे ग्रीक पंडितही मानत. इब्न अल-हैसम म्हणाले, उजेड वस्तूकडून डोळ्यात येतो. त्यांचा 'किताब अल-मनाझिर' हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातले लोक शतकानुशतकं तो अभ्यासत राहिले.

आता गंमत ऐका. लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे खोली! भोकात भिंग बसवा, भिंतीच्या जागी फिल्म लावा, की झाला कॅमेरा. असाच एक कॅमेरा दादासाहेब फाळके यांनी 1912 साली लंडनहून आणला आणि आधी टिपलं काय, तर वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते! दादासाहेब आपल्या त्र्यंबकेश्वरचे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, पाहिलंच असेल तुम्ही.

तिथल्या झाडाखाली उन्हाचे गोल कवडसे पडतात ना? पानांमधल्या फटी म्हणजे भोकंच, आणि प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र. ग्रहणात हे चित्र कोरीसारखं का दिसतं, यावरही इब्न अल-हैसम यांनी लिहिलं आहे. 2 ऑगस्ट 2027 ला दुपार कलताना आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. सूर्याकडे मुळीच बघायचं नाही हं! पावसाने उघडीप दिली, तर झाडाखाली जा आणि जमिनीकडे बघा: सगळे कवडसे एकाच बाजूने कुरतडलेले असतील.