पिल्लाचे तोंड सुजले. आता पुढची लस द्यायची का?

"डॉक्टर, सकाळी लस टोचून नेली आणि दुपारी पिल्लाचं तोंड फुग्यासारखं सुजलं. आता पुढची लस द्यायची की नाही?" पुण्यात श्वानवैद्यकाचा व्यवसाय करताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो. या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतही तो अधूनमधून असतो. उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढची लस द्यायची. मात्र ती कोणती, कशी आणि कधी द्यायची, हे आपल्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचे.

पूर्वी पुण्यात कुत्रे म्हटले की वाड्याच्या दारातला गावठी मोती, नाहीतर बंगल्यातला अल्सेशियन. वाडे गेले, फ्लॅट आले आणि त्याबरोबर कुत्रीही लहान झाली. आधी पॉमेरेनियन आले. २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि घरोघरी पग दिसू लागले. आता शिह त्झू आणि चिहुआहुआही येतात. डॅशहुंड, म्हणजे आपला लांबट, बुटका कुत्रा, तर आधीपासूनच आहे. ही पिल्ले लस घ्यायला येतात तेव्हा त्यांचे वजन जेमतेम दीड-दोन किलो असते. लसीचा त्रास नेमका याच मंडळींना जास्त होतो.

पण त्रास कशाला म्हणायचे, हे आधी पाहू. लस टोचल्यावर पिल्लू एक-दोन दिवस मलूल राहिले, अंग थोडे गरम लागले, जेवण कमी झाले, सुई टोचली तिथे हात लावू देत नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे. सुईच्या जागी वाटाण्याएवढी गाठ राहिली तर तीही बहुधा दोन-तीन आठवड्यांत विरते. महिना उलटूनही गाठ राहिली किंवा वाढू लागली, तर मात्र दाखवावी. तिच्यावर हळद-चुन्याचा लेप लावू नये. पिल्लू तो चाटते आणि नवेच दुखणे उभे राहते.

अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन निराळी. ती काही मिनिटांपासून काही तासांत दिसते. डोळ्यांभोवती आणि ओठांवर सूज येते, कान लाल होतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, पिल्लू तोंड जमिनीवर घासते. पगचा चेहरा मुळातच असा की सूज आली आहे की नाही हे मालकालाही पटकन कळत नाही. म्हणून पगवाल्यांना मी लस टोचण्याआधीच मोबाईलवर पिल्लाचा फोटो काढून ठेवायला सांगतो. लोक हसतात, पण पुढे तो फोटो कामाला येतो. या जातीचे नाक आखूड आणि श्वासाची वाट आधीच अरुंद, त्यामुळे तोंडावरची सूज इथे किरकोळ समजायची नाही.

नुसत्या सुजेवर उपचार सोपा आहे. दवाखान्यात आणलेत तर एखाद्या इंजेक्शनने ती बहुतेक वेळा काही तासांत उतरू लागते. घरच्या डब्यातली अ‍ॅव्हिलची गोळी मोडून द्यायचा मोह होतो, तो आवरा. दोन किलोच्या पिल्लाचा डोस अंदाजाने ठरत नाही. शिवाय आत काही गंभीर घडत असेल तर ही गोळी ते थांबवत नाही, आणि आपण मात्र औषध दिले म्हणून निर्धास्त राहतो. क्रोसिन आणि कॉम्बिफ्लॅम तर कुत्र्याला देऊच नयेत. कॉम्बिफ्लॅममधल्या आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडेही खराब होऊ शकतात.

खरी भीती असते ती शॉकची. हा प्रकार क्वचित घडतो, पण घडतो तेव्हा मिनिटांचा हिशेब असतो. कुत्र्यात शॉकचा मोठा मार यकृतावर आणि आतड्यांवर बसतो. त्यामुळे पहिली लक्षणे पोटाची असू शकतात. अचानक उलटी, पातळ शी, कधी रक्ताची, मग पाय लटपटणे, हिरड्या पांढऱ्याफटक पडणे आणि मान टाकणे. तोंडाला सूज नाही म्हणून रिअ‍ॅक्शन नाही, असे समजू नये.

एकदा एका आजोबांनी डॅशहुंडचे पिल्लू आणले होते. लस झाल्यावर त्यांना बाकावर अर्धा तास बसायला सांगितले. ते थोडे कुरकुरले, पण वर्तमानपत्र उघडून बसले. दहाव्या मिनिटाला पिल्लाने उलटी केली आणि त्यांच्या मांडीवरच मान टाकली. हिरड्या पाहिल्या तर कागदासारख्या. अ‍ॅड्रेनॅलिन, सलाईन, ऑक्सिजन, सगळे हाताशी होते. तासाभराने पिल्लू उठून बसले, तरी रात्रीपर्यंत त्याला दवाखान्यातच ठेवले. हेच कर्वे रस्त्यावर सिग्नलला अडकलेल्या स्कूटरवर घडले असते तर काय झाले असते, हे आजोबांनीच मला विचारले.

म्हणून लस टोचल्यावर निदान अर्धा तास दवाखान्यातून हलू नका. सासवड, भोर, जुन्नरहून पुण्याला येणाऱ्यांनी तर तासभर थांबून मगच गाडी काढावी. दिवेघाटात पिल्लाने मान टाकली तर तिथे कोण भेटणार? त्यातून वाटेत असे झालेच, तर पिल्लाला कुशीवर निजवा, मान सरळ ठेवा आणि जवळच्या कोणत्याही पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मग तो गाई-म्हशींचा सरकारी दवाखाना असला तरी चालेल, तिथल्या डॉक्टरांना हे उपचार ठाऊक असतात. तोंडात पाणी-दूध ओतू नका आणि कांदा फोडून नाकाला लावण्यात वेळ घालवू नका.

आता रिअ‍ॅक्शनसारखेच दिसणारे एक दुखणे. दीड-दोन किलोच्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फार थोडा असतो. लस घेऊन आल्यावर मलूलपणामुळे ते पाच-सहा तास जेवले नाही, तर रक्तातली साखर उतरते. मग पिल्लू झिंगल्यासारखे चालते, थरथरते, कधी झटकेही येतात. अशा वेळी मध किंवा साखरेचा दाट पाक बोटाने हिरड्यांवर चोळावा आणि लगेच डॉक्टरांना गाठावे. लसीसाठी पिल्लाला उपाशी आणण्याची एक समजूत आहे, ती चुकीची आहे. थोडे खाऊ घालूनच आणावे.

लहान कुत्र्यांनाच हा त्रास जास्त का? अमेरिकेत २००२ आणि २००३ या वर्षांत लस घेतलेल्या सुमारे १२ लाख कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. दर दहा हजार कुत्र्यांत सुमारे ३८ जणांना लसीनंतर तीन दिवसांत काही ना काही त्रास झाला होता, म्हणजे हजारात चारसुद्धा नाही. पण वजन जितके कमी तितके हे प्रमाण जास्त होते. दहा किलोपर्यंतच्या कुत्र्याला एकाच भेटीत आणखी एक लस टोचली की धोका सुमारे २७ टक्क्यांनी वाढत होता, तर मोठ्या कुत्र्यात १२ टक्क्यांनी. जपानमध्येही डॅशहुंडच्या बाबतीत संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला. त्रास झालेल्या बऱ्याच कुत्र्यांची अ‍ॅलर्जी रोगाच्या विषाणूशी नव्हती. लस बनवताना वापरलेल्या, वासराच्या रक्तातून येणाऱ्या प्रथिनांचा अंश लसीत राहतो, त्याच्याशी होती.

यावर पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग आमच्या पिल्लाला अर्धीच लस द्या ना!" तर्क वरवर बरोबर वाटतो, कारण चिहुआहुआ आणि ग्रेट डेन दोघांनाही तीच एक मिलीची बाटली. पण लस म्हणजे तापाचे औषध नव्हे, की वजनाप्रमाणे मोजून द्यावे. प्रतिकारशक्ती जागी व्हायला ठराविक मात्रा लागतेच. अर्ध्या बाटलीने संरक्षण होईलच असे नाही, आणि अ‍ॅलर्जी व्हायची तर ती थेंबानेही होते.

त्यापेक्षा लसी विभागून घ्याव्यात. डिस्टेंपर-पार्व्होची लस आज, लेप्टोची दोन-तीन आठवड्यांनी, रेबीजची आणखी वेगळ्या दिवशी. चार खेपा होतात, पैसे थोडे जास्त जातात, पण लहान पिल्लाला ते सोसते. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो पसरतो आणि तो माणसालाही होतो, म्हणून पावसाळ्याच्या आधी ती लस आटोपलेली बरी. ज्या पिल्लाला आधी त्रास झाला आहे, त्याला डॉक्टर लसीपूर्वी अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन देतात किंवा दुसऱ्या कंपनीची लस निवडतात. काही वेळा रक्ताची तपासणी करून डिस्टेंपर-पार्व्होचे संरक्षण आहे का, हेही पाहता येते. लसीला सकाळीच यावे, म्हणजे दुपारी काही झाले तर दिवस हाताशी असतो. पुण्यात एक ते चार काय बंद असते हे मी सांगायला नको. आपल्या डॉक्टरांची वेळ आधी विचारून ठेवावी.

लस सोडून देणाऱ्यांचे काय होते, तेही सांगायला हवे. कसब्यातल्या एका कुटुंबाचे पॉमेरेनियन होते. पहिल्या लसीनंतर त्याचे तोंड सुजले, संध्याकाळी उतरलेही. पण शेजाऱ्यांनी सांगितले, "लस बाधते याला, पुन्हा नका देऊ." पुढच्या दोन्ही तारखा चुकवल्या. पाचव्या महिन्यात पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली. पार्व्हो. हा विषाणू जगाला कळला तो १९७८ साली, आणि तो मातीत महिनोन्महिने टिकून राहतो. पिल्लू घराबाहेर फारसे गेले नसले तरी आपल्या चपलांबरोबर तो आत येऊ शकतो. चार दिवस सलाईन लावले. घरातली दोन्ही मुले शाळा सुटली की थेट दवाखान्यात येऊन बसत. पाचव्या दिवशी पहाटे पिल्लू गेले.

पहिल्या लसीवर भागत का नाही? आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण पिल्लाच्या अंगात काही आठवडे असते आणि तेच लसीला निष्प्रभ करते. ते कधी ओसरेल, हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि शेवटचा डोस पिल्लू १६ आठवड्यांचे झाल्यावर पडला पाहिजे.

रेबीजच्या बाबतीत तर सवलत नाहीच. जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही. तीन महिने पूर्ण झाल्यावर ही लस द्यायची. पुणे महापालिकेच्या श्वान परवान्यासाठीही तिचा दाखला लागतो.

ओळखीच्या कंपाउंडरला घरी बोलावून लस टोचून घेणाऱ्यांना एकच विचारतो, त्याच्या पिशवीत अ‍ॅड्रेनॅलिन असते का? आणि लस दोन ते आठ अंशांत राहिली होती का? उन्हातून पिशवीत आलेली लस टोचली काय नि न टोचली काय, सारखेच.

लसीच्या बाटलीवरचा स्टिकर पिल्लाच्या कार्डावर चिकटवून घ्या. त्यावर कंपनी आणि बॅच नंबर असतो. त्रास झाला तर किती वाजता लस दिली आणि किती वाजता काय दिसले, ते त्याच दिवशी शेजारी लिहा. डॉक्टर बदलले, गाव बदलले तरी पुढच्या लसीआधी ते कार्ड टेबलावर ठेवा. आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा फोन नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयवर, गॅस सिलिंडरची तारीख लिहिता त्याच्या बाजूलाच, ठळक लिहून ठेवा.