हाजी अलीच्या खडकांतली वस्ती

भरतीला हाजी अली दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. सहा तासांनी त्याच वाटेच्या दोन्ही अंगांना काळा खडक उघडा पडतो आणि खाचखळग्यांत समुद्राचं पाणी साचून राहतं. येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर दर्ग्याकडे असते. मुंबईतली फार जुनी वस्ती मात्र या डबक्यांत नांदते आहे.

ओहोटी कधी गाठायची? किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे पाणी सर्वांत खाली सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. सकाळ बरी. ऊन चढलं की डबकं तापतं, खारटपणा वाढतो आणि जीव कपारीत दडतात.

वरच्या खडकावर कालवं आणि बार्नेकल दाटीने बसलेले असतात. बार्नेकल शिंपल्यासारखा दिसतो, पण त्याचं नातं खेकड्या-कोळंबीशी. लहानपणीच तो डोक्याकडून खडकाला चिकटतो आणि पुढे जन्मभर पिसासारखे पाय पाण्यात फिरवून अन्न ओढतो. डार्विनने या जिवावर आठ वर्षं घालवली, ती उगाच नव्हे. थोडं खाली उतरलं की झोअँथिडांचा, म्हणजे प्रवाळाच्या नात्यातल्या मऊ जिवांचा, हिरवट-तपकिरी गालिचा लागतो. पाण्यात असतात तोवर ते फुललेले, उघडे पडले की मिटलेले. त्यांना हात लावू नये. काही जातींत जहाल विष असतं.

डबक्यापाशी सावली न पाडता बसलं की एखादा शंख चालू लागतो. आत शंखातला खेकडा असतो. रिकामा शंख सापडला तर तो आधी बाहेरून चाचपतो, तोंडात नांगी घालून खोली बघतो आणि पसंत पडला की आपलं मऊ पोट झटकन नव्या घरात सरकवतो. हे बघायला मिळालं तर सकाळ सार्थकी लागली म्हणायची.

इथे प्रवाळही आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचं काही प्रवाळ कुलाब्याच्या बाजूला हलवलं गेलं. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून एवढं तरी झालं. शेजारच्या झोअँथिडांना आणि बार्नेकलना ते नव्हतं. जिथे भराव पडला, तिथे तो त्यांच्यावरच पडला, हे मला फार खुपतं. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी शहराच्या किनाऱ्यांवर लोकांना घेऊन फिरतात, दिसेल त्या जिवाची नोंद ठेवतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्यांच्याबरोबर जावं.

पावसाळा टाळावा, घट्ट पकडीचे बूट घालावेत. दगड उलटला तर तसाच परत ठेवावा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात तगत नाहीत. आणि पाणी फिरलं की लगेच निघावं. भरती समोरून दिसण्याआधी मागच्या घळीत शिरलेली असते.