जुनी मोटारसायकल घेतलीत? आधी टायर वाचा

कॅडेट, इयत्ता दहावी

इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री आपण बुटांची टोकं आरशासारखी चमकवतो. तळवा झिजलाय का, हे मात्र कोणी बूट उलटा करून बघत नाही. गेल्या मे महिन्यात मी सुट्टीला जयपूरला घरी गेलो, तेव्हा आमच्या दारात अशीच एक चमकवलेली वस्तू उभी होती.

बाबा लष्करात आहेत आणि सध्या त्यांचं पोस्टिंग जयपूरला आहे. दादाचं कॉलेज लांब, म्हणून त्यांनी बदली झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून 2015 सालची बजाज पल्सर 150 घेतली. मीटरवर फक्त 11 हजार किलोमीटर. छावणीत अशा गाड्या बऱ्याच मिळतात. मालक दूरच्या पोस्टिंगवर असतो आणि गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असते. टायर काळेभोर होते, नक्षीही खोल होती. बाबा म्हणाले, "चला, टायरचा खर्च वाचला."

चौथ्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. दादा आईला मागे बसवून जवाहरलाल नेहरू मार्गावरून येत होता. सिग्नलला ब्रेक लावला आणि मागचं चाक बाजूला सरकलं. पडले नाहीत, नशीब. आई घरी आल्यावर रागावली नाही. फक्त म्हणाली, "यापुढे मी रिक्षाने जाईन." दादाला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं ऑइल मिसळून निसरडा थर होतो. त्यावर नवा टायरही घसरू शकतो. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी डबल स्टँडवर लावली, ओल्या फडक्याने टायर पुसले आणि फडकं काळं झालं. टायरला पॉलिश लावलं होतं! त्याखाली बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा होत्या. नख रुतवून पाहिलं तर रुतेना. रबर लाकडासारखं कडक झालं होतं.

आता टायर वाचायचा कसा ते सांगतो. आमच्या मागच्या टायरवर 100/90-17 55पी असं होतं. 100 म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. 90 म्हणजे उंची रुंदीच्या 90 टक्के. 17 हा रिमचा व्यास, इंचांत. (एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच कशाला, हे मला अजून पटलेलं नाही.) 55 हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ 218 किलो. पी म्हणजे जास्तीत जास्त ताशी 150 किलोमीटर वेग. पुढच्या टायरवर 2.75-17 होतं. ती जुनी पद्धत, सगळी इंचांत.

पण सगळ्यात महत्त्वाचे चार आकडे वेगळेच असतात. ते एका लांबट गोल चौकटीत, बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून दोन्हीकडे शोधायचे. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या मागच्या टायरवर 1915 होतं, म्हणजे 2015 सालचा एकोणिसावा आठवडा. पुढचाही त्याच वर्षाचा. दोन्ही टायर दहा वर्षांचे! नक्षी शिल्लक होती ती गाडी चाललीच नव्हती म्हणून.

गाडी चालली नाही तर रबर खराब का व्हावं? ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला हळूहळू कडक करतात. त्यापासून बचावासाठी टायरच्या रबरात एक प्रकारचं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ते मेण पृष्ठभागावर येऊन पातळ थर बनवतं. उभ्या गाडीत हे काम मंदावतं आणि भेगा पडतात. त्यामुळे कमी चाललेली गाडी घेताना इंजिनाबद्दल खूश व्हावं, टायरबद्दल नाही. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी नीट तपासायचा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही दिसो, काढून टाकायचा.

बाबा म्हणाले, मागचा बदला, पुढचा नंतर बघू. खर्चाचं त्यांचं बरोबर होतं. पण ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे जातं आणि थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाक करतं. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं तर बहुधा माणूस खालीच जातो. हे मी कागदावर आकृती काढून दाखवलं. बाबांनी आकृतीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि दोन्ही टायरचे पैसे दिले. साडेचार हजारांच्या आसपास गेले.

दुकानात दादाला मागे 120 चा रुंद टायर हवा होता, तोही बटन टायर, म्हणजे मोठ्या गाठींचा. दिसतो झकास. टायरवाले काका हसले आणि म्हणाले, "बेटा, रेत में जाओगे या कॉलेज?" बटन टायर वाळूत, मातीत पकड घेतो. डांबरी रस्त्यावर त्याचा थोडाच भाग टेकतो, आवाज करतो आणि ओल्यात घाबरवतो. रुंद टायर त्याच अरुंद रिमवर चढवला की कडा आत ओढल्या जातात आणि तो मधे फुगीर होतो, म्हणजे रुंदीचा फायदाच जातो. शिवाय चेनला घासण्याची भीती. आम्ही कंपनीने दिलेल्याच मापाचे, साध्या रस्त्याच्या नक्षीचे टायर घेतले. आयएसआयची खूण आणि आठवड्याचा आकडा पाहूनच. बसवताना टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, एवढं आपण उभं राहून बघावं. आणि नवा टायर सुरुवातीला थोडा गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश. नाहरगडच्या चढाची वळणं दादाने तोपर्यंत टाळली.

हवेचं प्रेशर सकाळी, गाडी थंड असताना तपासायचं. आमच्या गाडीला पुढे 25, मागे एकट्यासाठी 28 आणि दोघांसाठी 32 पीएसआय. जयपूरच्या दुपारी भर उन्हात हेच मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो. मी हिशेब केला. 27 अंशांना 28 असलेलं प्रेशर, टायरमधली हवा 57 अंशांवर गेली की जवळजवळ 32 होतं. घाबरून दुपारी हवा सोडून 28 केली, तर दुसऱ्या सकाळी ती 24 भरते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि लवकर मरतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच.

बाकीची कामं एका सकाळची. इंजिन ऑइल आधी कधी बदललं ते माहीत नव्हतं, म्हणून लगेच बदललं. एअर फिल्टरमधून मूठभर धूळ निघाली. चेन रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने घासली, पुसली, तेल दिलं. हे दर पाचशे किलोमीटरला करायचं. ब्रेकचे पॅड अजून जाड होते. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का पाहिलं.

मी स्वतः ही गाडी चालवलेली नाही. गिअरच्या गाडीला अठरा वर्षं पूर्ण लागतात आणि मी पंधराचा आहे. माझं खातं फक्त पाना आणि फडक्याचं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आईला बाजारात जायचं होतं. रिक्षा बोलवू का, असं दादाने विचारलं. आई गाडीजवळ गेली, मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाली, "हवा दोघांची आहे ना?" दादा हो म्हणाला, तेव्हा ती मागे बसली.