आत्तीची ‘लाईट’

दिवाळी म्हणजे दिव्यांचा सण, हे वाक्य शाळेच्या निबंधात आपण सर्वांनीच कधी ना कधी लिहिले आहे. पुण्याच्या एका शाळेत मी तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. प्रकाश या विषयावर शेकडो मुलांच्या तोंडी परीक्षा घेतल्या. परंतु माझी स्वतःची परीक्षा झाली ती गेल्या वर्षीच्या पाडव्याला, शिरोळात, आमच्या आत्तीच्या सोप्यात.

आमच्याकडे आत्याला आत्ती म्हणतात. सत्तरी ओलांडलेली ही माझी आत्ती म्हणजे घरातला कर्ता पुरुषच म्हणा ना! त्या वर्षी तिच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली. मिरजेत शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी पुढे 25 दिवस ‘लाईट’ घ्यायला सांगितली. किरणोपचाराला आपल्याकडे लोक ‘लाईट’ म्हणतात, कोणी ‘शेक’ म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस मिरजेला जायचे, दोन-चार मिनिटे यंत्राखाली निजायचे आणि परत यायचे. मिरज काही शिरोळहून लांब नाही. अकरा दिवस हे सुरळीत चालले, आणि बाराव्या दिवशी आत्तीने लाईट सोडली.

मी फराळाला म्हणून गेलो तो हे ऐकायला मिळाले. त्याहून मोठा धक्का पुढेच होता. दोन वर्षांची नात “आज्जी, आज्जी” करीत धावत आली आणि आत्तीने तिला हाताने दूर सारले! जी बाई शेजारची पोरेही कडेवरून खाली ठेवीत नसे, तिने!

“आत्ती, हे काय?” मी विचारले.

“अरे, बायका म्हणतात, त्या लाईटीनं माझं अंगच लाईट झालंय. लेकराला मांडीवर घेतलं तर तिलाही लागेल. मी जगून तरी किती जगणार? पोरीला कशाला बाधा?”

उपचार सोडण्याचे कारण हे होते. मरणाची भीती नव्हे, नातीला बाधा होण्याची भीती! अशा भीतीपुढे “काही होत नाही गं” हे उत्तर फार तोकडे असते. मी शब्द शोधत होतो, इतक्यात वीज गेली.

“गेली बघ लाईट,” आत्ती म्हणाली.

सोप्यात काळोख झाला. देवळीतली एक पणती तेवढी राहिली. आणि वाचकहो, तीस वर्षांत मला न सुचलेला प्रश्न त्या काळोखाने सुचवला.

“आत्ती, आता इथला बल्ब जळत होता. त्याचा उजेड या भिंतीवर तासभर पडला होता. दिवा गेल्यावर भिंत उजळत राहिली का?”

“भिंत कशी उजळेल?”

“मग यंत्र बंद झाल्यावर तू कशी उजळशील?”

आत्ती गप्प झाली. पण ती सहज हार मानणाऱ्यांतली नाही. “भिंतीवर पडतो तो साधा उजेड. हा भिंतीच्या आरपार जाणारा. दोन्ही एकच कसे?”

प्रश्न बिनतोड होता. कोपऱ्यात आत्तीची बाजाची पेटी होती, भजनात ती हिच्याच हाताखाली वाजायची. ती मी पुढे ओढली.

आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश ही एक लहर आहे. तिची लांबी केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तांबड्या रंगाची लहर लांब, जांभळ्याची आखूड. सुरांच्या भाषेत बोलायचे तर तांबडा खालचा सूर आणि जांभळा वरचा. मौज अशी की, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे इंद्रधनुष्य मिळून पुरते एक सप्तकही भरत नाही! आत्तीच्या पेटीत सप्तके तीन. निसर्गाच्या पेटीत मात्र माणसाला ठाऊक झालेलीच पन्नासएक आहेत. सगळ्या लहरी एकाच जातीच्या, पोकळीतून सेकंदाला तीन लाख किलोमीटर याच वेगाने धावणाऱ्या. आपले डोळे त्यांतल्या एका सप्तकाला जागे आहेत, बाकीच्यांना आंधळे.

मंद्रातल्या अगदी खालच्या सुरांत येतात रेडिओच्या लहरी. आत्तीने वर्षानुवर्षे ऐकलेल्या सांगली आकाशवाणीच्या मध्यम लहरी सुमारे 240 मीटर लांबीच्या. पण रेडिओलहरी माणसानेच काढल्या असे समजू नका. ताऱ्यांमधल्या पोकळीतला हायड्रोजन वायू 21 सेंटिमीटर लांबीच्या लहरी सतत पाठवीत असतो. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशातली हीच बोलणी ऐकत असतात.

त्याच्या वर, तांबड्याच्या अलीकडे, उष्णतेचे किरण. 1800 साली विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला! आत्तीला हर्शेल कशाला हवा? गुऱ्हाळात चुलवाणासमोर उभे राहिले की चार हात लांबूनही तोंड भाजते, तो हाच अदृश्य प्रकाश. अंगात ऊब असलेला प्रत्येक जीव तो रात्रंदिवस बाहेर टाकतो. “म्हणजे आत्ती, तू लाईट घेण्याआधीपासूनच उजळतेस, आणि तुझी नातही!”

आत्ती पहिल्यांदा हसली.

जांभळ्याच्या वर जंबुपार किरण. 1801 साली रिटरने चांदीचा एक क्षार जांभळ्याच्या पलीकडे धरला, तो झपाट्याने काळा पडला. कोवळ्या उन्हात बाळाला निजवतात तेव्हा कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते ते यांच्याचमुळे, आणि भर उन्हात कातडी करपते तीही यांच्याचमुळे. यांतले फार तीव्र किरण वातावरणातला ओझोन वरच्या वर अडवतो, म्हणून आपण उघड्यावर वावरू शकतो.

आणखी वर गेलो की क्ष-किरण. 8 नोव्हेंबर 1895 रोजी राँटजेनला ते सापडले आणि पुढच्याच महिन्यात त्याने पत्नीच्या हाताची हाडे, बोटातल्या अंगठीसकट, काचेवर उमटवली. सर्वांत तार सप्तकात गॅमा किरण, अणूच्या गर्भातून निघणारे.

सूर जितका चढा, तितका किरणाचा एकेक कण जोरकस, हे या पेटीचे मर्म आहे. खालचे सूर फार तर वस्तू तापवतात. जंबुपारच्या वरच्या टोकापासून पुढचे सूर मात्र अणूतले इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि पेशीतला जीवनाचा धागा तोडतात. म्हणून ते घातक, आणि म्हणूनच उपयोगी. तुटलेला धागा निरोगी पेशी बऱ्याच अंशी सांधून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकेसे जमत नाही. रोज थोडी-थोडी लाईट देतात ती याच हिशेबाने: रात्रभरात चांगल्या पेशींनी सावरावे आणि वाईट पेशी दिवसेंदिवस खचत जाव्यात. मध्येच खंड पडला तर सावरायची संधी वाईट पेशींनाही मिळते.

“हे मला कुणी सांगितलं नाही,” आत्ती हळूच म्हणाली.

“आणि घातक म्हणतेस, तर त्याही किरणांत आपण जन्मापासून न्हात आहोत.” निसर्गात लहरींखेरीज वेगवान कणांचेही किरण आहेत. अल्फा म्हणजे हेलियमचा गर्भ, एका कागदाने अडणारा. बीटा म्हणजे इलेक्ट्रॉन. आकाशातून विश्वकिरण येतात. 1912 साली व्हिक्टर हेसने बलूनमधून वर जाऊन त्यांचा माग काढला. हवेत शिरताच एका कणाचे हजारो कण कसे होतात, याचा उलगडा 1937 साली आपल्या होमी भाभांनी हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर केला. या क्षणी तुमच्या उघड्या तळहातातून, वाचकहो, दर सेकंदाला साधारण एक असा कण आरपार जात आहे. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यातल्या थोरियममुळे तिथे किरणांचे प्रमाण इतर ठिकाणांहून बरेच जास्त. करुनागप्पळ्ळी भागातल्या लोकांची वर्षानुवर्षे पाहणी झाली, तरी त्यामुळे कॅन्सर वाढल्याचे दिसले नाही. आपला दख्खनचा काळा पाषाण याबाबतीत फारच सौम्य. आणि आपल्या शरीरातले पोटॅशियम? त्यातले सुमारे 4000 अणू मोठ्या माणसाच्या अंगात दर सेकंदाला फुटून किरण टाकत असतात. आईच्या कुशीतल्या बाळालाही ते पोहोचतात. म्हणून कोणी बाळाला दूर ठेवीत नाही.

एक गोष्ट मात्र मी आत्तीपासून लपवली नाही. काही दुखण्यांत, उदाहरणार्थ थायरॉइडच्या कॅन्सरवर, किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात. तिथे खरोखरच काही दिवस लहान मुलांपासून दूर राहावे लागते, आणि डॉक्टर तसे बजावूनच सांगतात. शेजारणींनी बहुधा असेच काही कुठे ऐकले असावे. त्यांची बुद्धी वाईट नव्हती, दुखणे दुसरे होते एवढेच. आत्तीची लाईट बाहेरच्या यंत्रातून येणारी. बटण बंद, किरण बंद. अंगावर, कपड्यांवर काही शिल्लक राहत नाही.

आत्ती बराच वेळ पणतीकडे बघत बसली. मग म्हणाली, “भिंत उजळत नाही, हे खरं.” आणि तिने हात पुढे केला. नात केव्हाची उंबऱ्यावर टपून होतीच.

भाऊबीज झाली आणि पुढच्या सोमवारी मीच तिला मिरजेला घेऊन गेलो. पडलेल्या खंडाबद्दल डॉक्टर रागावले, रागावणे रास्तच होते. त्यांनी हिशेब पुन्हा मांडला आणि आत्तीने तो शेवटच्या दिवसापर्यंत पुरा केला. कातडी काळवंडली, थकवा आला, तोंडाची चव गेली. तिने कुरकुर केली ती फक्त एस.टी.च्या गर्दीबद्दल.

पुढचे कोणी सांगावे? तपासण्या चालू आहेत आणि आजवरच्या ठीक आहेत. परवा फोन केला तेव्हा मागे पेटीचा आवाज येत होता, आणि तो भजनाचा खासच नव्हता.

“कोण वाजवतंय गं?”

“दुसरं कोण? मांडीवर बसलीय माझ्या. सगळी सप्तकं एकदम दाबतीय!”